डबल बेल

पलूस मागं टाकलं की कालव्याच्या भरावावर
मुरमाची वाट लागते, एका सायकलीपुरती.
डावीकडं पाणी, उजवीकडं ऊस,
उसाला तुरे आलेत, म्हणजे जानेवारी.
खोडशीच्या बंधाऱ्यातून सुटलेलं पाणी
काही न बोलता बरोबरीनं चालतं.
त्याला ओव्हरटेक करायचं नाही,
त्याला साइड द्यायची नाही.

तेहतीस वर्षं एसटी चालवली मी, सांगली डेपो.
अजून उजवा तळवा हँडलवर हॉर्न शोधतो,
वळणाला डावा हात गिअरकडं जातो
आणि क्षणभर हवेत एकटाच राहतो.
आरशात बघायची खोड तर जातच नाही.
आरसा कुठला. मागं दस्तगीर आहे.

दस्तगीर नदाफ, माझा कंडक्टर.
सायकल पोराची, अठरा गिअरची,
त्यातला एकच तो वापरतो,
बाकीचे, म्हणतो, राखीव जागा.

तिकडं हायवेला उसाच्या ट्रॉल्या
दोन-दोन जोडून, टेप फुल्ल सोडून.
इथवर पोचतो तो आवाज
आमंत्रण नसलेल्या लग्नासारखा.

इथं रहदारी म्हणजे एक मुंगूस, घाईतलं.
तारेवर खंड्या, ज्याला कुठंच जायचं नाही.
पायऱ्यांवर गोधड्या धुणाऱ्या दोघी:
"कुठं निघालाय ओ, पाव्हणं?"
"टेलपर्यंत."
"तिथं काय हाय?"
"काय न्हाई. पाणी संपतं."
एकीनं हसत गोधडी अशी आपटली
की माझी चाळीशी भिजली.
तशीच ठेवली. पुढचा मैलभर
ऊस, आभाळ, बगळे
थेंबाथेंबातून वेगवेगळे दिसत गेले.

मग बेल वाजली. एक.
हात आपोआप आवळले ब्रेकवर.
एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल,
हे माझ्या हाडांना माहीत आहे.
वळून पाहिलं. उतरायला कुणी नव्हतं.
दस्तगीर मैलाचा दगड धरून उभा,
गळ्याचं बटण सोडलेलं, ओठ कोरडे.
"मलाच उतरायचंय," म्हणाला.

एवढ्या वर्षांत त्यानं
स्वतःसाठी कधी बेल मारली नव्हती.

मोरीवर बसलो, पाय पाण्यात सोडून.
पिशवीतल्या शेंगा संपत आल्यावर मी म्हणालो,
रत्नागिरीची नाइट नऊ वर्षं केली आपण,
समुद्र तेवढा राहिला बघ.
आंबा घाट उतरून पोचायचं रात्री,
टपावर अंथरूण, पहाटे पुन्हा स्टिअरिंग.
आता हाच आपला किनारा.
एका बाजूला पाणी आहे, बस झालं.

"मी बघितलाय की," दस्तगीर म्हणाला.
"कधी?"
"दर फेरीला. तू घोरत असायचास.
चारला उठून मांडवीपर्यंत चालत जायचो.
अंधारात दिसायचं काय? नुसता आवाज.
मोठी गाडी न्यूट्रलला उभी असल्यागत."

"मग मला का नाही उठवलंस?"

त्यानं एक टरफल पाण्यात सोडलं,
ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.
"पन्नास माणसं तुझ्या झोपेवर बसायची, आकाराम."

मी पाण्यात बोटं हलवत राहिलो.
सगळ्या घाटांची वळणं आठवली,
एकही चुकलेलं नाही.

निघताना म्हणालो, "आता तू पुढं हो."
"मी? मला रस्ता कुठं ठाऊक?"
"कालवा आहे, लेका. चुकशील कसा?"

तो पुढं गेला, टांग टाकून बसला.
त्याची पाठ मी पहिल्यांदाच नीट बघितली.
डावा खांदा चामडी पिशवीनं
कायमचा खाली ओढलेला,
बोटभर, जास्त नाही.

मी घंटी मारली. दोन.
तरी तो हलेना.
एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर, वाट बघत.

मग आठवलं.
वाकून त्याच्या कॅरिअरवर जोरात थाप मारली,
दार लागल्यासारखी.

तेव्हा कुठं निघाला.