तेराव्या महिन्याचा सहावा दिवस

देवा, तेरावा महिना म्हटला की
कुठे कुठे लोक कपाळाला हात लावतात.
आधीच दुष्काळ, त्यात हा.
आमच्या देब्रे बिरहानात तो पाच दिवसांचा.
तीस-तीस दिवसांचे बारा महिने कापून झाल्यावर
कापडाची उरते तेवढी चिंधी,
आणि तीच तू आम्हाला तोंड पुसायला देतोस.

सरलेलं वर्ष लूकाचं. चिंधी एक बोट लांब.
चार वर्षांतून एकदा मिळणारा हा सहावा दिवस
मी कशात घालवला ते सांगतो.
तुला ठाऊक आहेच,
पण मापाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं बरं.

तिसऱ्या दिवशी रफाएलचा पाऊस आला.
पोरं उघडी होऊन अंगणात नाचली.
यशिमेबेतने पिठाचं मडकं दाराबाहेर धरलं,
चार थेंब पडले तशी झाकण लावून आत आली.
म्हणाली, तूही जा की, आभाळ उघडलंय.
मी म्हटलं, गुडघे दुखतात.
गुडघे दुखत नव्हते, देवा.

टेफ तू किती बारीक केलास!
खसखससुद्धा त्याच्यापुढे दांडगी.
हातातून सांडला तर मातीला सापडतो, माणसाला नाही.
म्हणूनच वाटलं असेल मला
की एवढ्याशा दाण्याचा हिशेब कोण ठेवतो.
कापणीनंतरच्या बाजारात
वॉर्केनेशचं धान्य पारड्यात पडत होतं
आणि दर खेपेला मी पारड्याखाली बोट धरत होतो.
एकच बोट. करंगळी.
व्यापाऱ्याने त्या दिवशी मला कॉफी पाजली.

वर्षभर ती करंगळी माझ्याबरोबर चर्चमध्ये आली.
क्रूसाची खूण करताना आली.
एतागेन्य बैरुतला निघाली, विमानतळावर हात हलवला,
तेव्हा पाचांत पाचवी तीच होती.
पोर फोनवर म्हणते, बरी आहे, मालकीण चांगली आहे.
दोनदा म्हणते. मी तिसऱ्यांदा विचारत नाही.
तिच्या पारड्याखाली तिथे कोण बोट धरतंय,
हे तुला मी कोणत्या तोंडाने विचारू?

तर काल, सहाव्या दिवशी,
पिशवीभर टेफ घेऊन टेकडीपलीकडे गेलो.
वाट चिखलाची. निलगिरीची पानं बुटांना चिकटत होती.
वाटेत बरंच बोलायचं ठरवलं होतं,
एका वळणावर तर रडायचंही.
वॉर्केनेश गोवऱ्या रचत होती.
मी पिशवी पुढे केली. म्हटलं, हे तुमचं.
तिने काही विचारलं नाही.
हात धुतले, कोरडे केले,
आणि मूठ मूठ काढून मडक्यात ओतू लागली.
ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना म्हणतेय.
मोजत होती.
म्हणाली, अजून दोन मुठी.

मी हसलो, देवा. तीही हसली असेल,
शालीचं टोक तोंडावर होतं.
म्हणजे नऊ महिने ती आकडा धरून बसली होती
आणि दर रविवारी मला वाकून नमस्कार करत होती.
तुझी ही माणसं मला अजून कळत नाहीत.
परतताना पाऊस नव्हता.
असता तर उभा राहिलो असतो खाली.

आज सकाळी शेजारची मिन्तिवाब दारात आली,
हातात गवताची आणि पिवळ्या फुलांची जुडी.
गाणं अर्धंच म्हटलं, पुढचं विसरली,
तरी नाण्यासाठी तळहात पसरलाच.
मी दिलं. न मोजता दिलं,
आणि लगेच, सवयीने, किती दिलं ते मोजलं.

यशिमेबेत ओल्या गवतावर बसून कॉफी भाजतेय.
धूर छपराशी जाऊन रेंगाळलाय,
तिथून पुढची वाट त्याला तूच दाखव.

योहानाच्या वर्षात मी कोरा शिरत नाही.
मागील पानावरून पुढे:
दोन मुठी टेफ,
एक मुलगी.
टेफ शनिवारी बाजार उठल्यावर पोचता करीन.
मुलीकडे तू बघ.
तिच्या पारड्याखाली कुणाची करंगळी दिसली
तर ओळखशील तू. माझ्यासारखीच असेल.