मधली नळी

जुन्या चिरेखाणीत आता कचरा असतो.
तळाला चिकणमाती, तीवर काळं प्लास्टिक, मग जाळी,
पुन्हा काळं प्लास्टिक, मग खडी, आणि वर
तालुक्याने वर्षभर टाकून दिलेलं सगळं.

खडीतल्या नळीतून येतं ते काढ्यासारखं,
दिवसाला दोन टँकर. त्याचं कुणाला काही नाही.
ते यायचंच असतं.
माझ्याकडे मधली नळी:
दोन प्लास्टिकांच्या मध्ये, जिथे काहीच असू नये तिथे
रोज सकाळी टेप सोडायची,
कोरडी आली की शून्य.
सही: वैजयंती शिगवण.

सासू विचारायची, काय करतेस गो तिकडे दिवसभर?
काही नाही ना, ते बघते.

बाबा विहिरी खणायचे. म्हणायचे,
कातळ दिसतो तसा नसतो,
जांभ्याच्या पोटात वाटा असतात.
सड्यावर सांडलेलं कुठल्या बावेत उतरेल
ते बावेलाच ठाऊक.

प्लास्टिक जोडायला दिलावर परकार आला होता.
शिवणीत हवा भरायची, काट्याकडे बघत बसायचं,
काटा हलला नाही की खडूची खूण.
एका जागी त्याने खूण केली,
पुसली,
पुन्हा केली.
मी तेव्हा वाळूच्या पिशव्या वाहत होते.

तीन वर्षं शून्य.
दसऱ्यानंतर चौथ्या सकाळी टेप ओली आली.
चार बोटं.

पाइपचा घाम असेल, साहेब म्हणाले.
उपसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार.
मी वास घेतला. घामाचा वास मला माहीत आहे.
मग साहेबांनी नियम दाखवला:
थोडं गळणार हे धरलेलंच असतं, इतक्या लिटरपर्यंत चालतं.
वाचला. चालतं.

खालच्या प्लास्टिकच्या खाली मात्र नळी नाही.
तिथून बाबांच्या वाटा सुरू होतात
आणि संपतात खाडीत,
जिथे ओहोटीला गुडघाभर चिखलात
मावशी शिवळ्या काढते.

रकान्याशी हात सवयीने गोल वळला.
थांबवला. सात सेंटीमीटर, लिहिलं.
टेप न पुसता कुंपणाला टांगली;
दुपारी वाळली तेव्हा तिच्यावर
एक पांढरी रेघ होती, चार बोटांवर.

संध्याकाळी मावशीकडून शिवळ्या आल्या, पातेलंभर.
एरवी मी तीन पाण्यांनी धुते.
आज मोजलं नाही.