रविवार एकच

हॅम्बुर्गला आठ दिवस.
केळी पिकवायच्या खोल्या कशा चालवायच्या ते शिकायचं,
तापमान, गॅस, दमट हवा,
आणि मध्ये सापडलेला एकच रविवार.
रेल्वेने तासाभरावर ब्रेमेन,
त्याहून थोडं जवळ ल्युबेक.
दोन्ही जुनी बंदरं,
एका दिवसात दोन्ही होत नाहीत.

धरणगावात रात्रीचे साडेनऊ, धाब्याची माती अजून तापलेली.
बाजेवर मी नकाशा पसरलाय,
कोपऱ्यांवर तांब्या, मोबाईल, बापूंची तपकिरीची डबी
आणि सावद्याच्या पॅकहाऊसमधून
खिशात राहून आलेलं एक हिरवं केळं.

हेमांगीचं मत ल्युबेक. तिने फोटो पाहिलेत.
विटांचं वेस-दार, दोन बुरूज,
आपल्याच वजनाने खचलेले,
मानपानावरून रुसून, जेवायला मात्र शेजारी बसलेल्या
दोन व्याह्यांसारखे एकमेकांकडे कललेले.
जवळच मिठाची जुनी कोठारं, नदीला लागून.
"मीठ ठेवायला एवढी मोठी घरं?"
कळण्याच्या पिठात चिमूट टाकता टाकता
ती जिन्याखालून विचारते.

बापूंना मी ब्रेमेनचं सांगतो.
तिथे कापसाचा बाजार भरायचा, इमारत उभी आहे.
धाग्याच्या लांबीवरून तंटा झाला
तर नमुने तिथे निवाड्याला जात.
बापू उठून बसतात.
एकतीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडर.
चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत धरून ओढायची,
जुळवायची, पुन्हा ओढायची,
काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून नुसतं म्हणायचं, बावीस.
मिलिमीटर हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

"तिकडच्यायनं आपली रुई पाह्यली असीन का रे, दिगा?"
असेल, म्हणतो. मला ठाऊक नाही.
रुळांवरून सुरतेकडची मालगाडी जाते,
ती संपेपर्यंत आम्ही दोघं गप्प.

"समुंदर कोन्त्या गावात चांगला दिसतो?"
मी बॅटरी लावून नकाशावर वाकतो.
ल्युबेकला नदी आहे, समुद्र वीस किलोमीटर पुढे.
ब्रेमेनलाही नदीच, समुद्र साठ.
"म्हंजे दोन्ही बंदरं, न् समुंदर एकालेबी नाही?"
ते खोकतात की हसतात, अंधारात कळत नाही.
"मंग आपलं भुसावळ काय वाईट व्हतं?"

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
रविवारी ती इमारत बंद असणार.
फार तर दगडावर हात ठेवता येईल,
पहारेकऱ्याने पाहिलं नाही तर.
ल्युबेकची बदामाची मिठाई हॅम्बुर्गच्या स्टेशनावरही मिळत असेल,
असं हेमांगीला मी मोघम बोलून टाकतो.
ती उत्तर देत नाही. तवा जोरात आपटतो.

एक प्रवासी. रविवार. ब्रेमेन.
बटण दाबलं, नेट अडकलं, चाक फिरत राहिलं.

तेवढ्यात बापूंनी उशीचा टाका उसवला.
चिमूट काढली, दोन अंगठ्यांत धरली,
"हे घेऊन जाय तिथं."
मग सवयीने ओढली. जुळवली. पुन्हा ओढली.
काळा कोट आता नाही,
म्हणून नकाशावरच्या निळ्या समुद्रावर ठेवली
आणि बॅटरी माझ्या हातातून घेतली.
बराच वेळ पाहिलं.

"अठरा," म्हणाले.
"उशीनं खाल्ले चार."