आवाज बंद झाला की

मुलीनं पुण्याहून घड्याळ पाठवलं.
मनगटाला बांधायचं, बांधूनच झोपायचं.
ते म्हणे रात्रभर नाडी मोजतं, कुशी मोजतं,
आणि पहाटे झोप जिथं पातळ होते
नेमका तिथंच हळूच हात लावतं.
"दचकून उठायचं नाही आता, नान्ना.
तुमच्या वयाला ते बरं नाही."

माझ्या वयाला.
एकतीस वर्षं जॉबर होतो मी, नीलम नगरात,
चिट्यालांच्या कारखान्यात.
खाली सोळा माग, वर माळ्यावर आमची खोली.
टॉवेल निघायचे, दिवसपाळी रातपाळी, खटखट खटखट.
पोरगी त्याच आवाजात रांगली, पाढे शिकली,
अजून फोनवर ओरडूनच बोलते.

आम्हाला उठवायला आवाज लागत नव्हता.
माग थांबला की डोळे उघडायचे.
धागा तुटला, धोटा अडकला, लाईट गेली,
की मी जिन्यात,
अर्धा झोपेत, पाना हातात.
सोळातला कुठला थांबला
ते उशीवरूनच कळायचं.
अकरावा जरा ठसकत चालायचा.

दिवाळीनंतर चिट्यालांनी माग विकले.
भंगारात, किलोवर.
बोल्ट मीच सोडवले.
चौथ्याचा एक काही केल्या निघेना,
त्याला रॉकेल पाजून रात्रभर ठेवला.

तेव्हापासून खाली शांत आहे
आणि घड्याळ तक्ता दाखवतं:
गाढ झोप, सदतीस मिनिटं.
बाकी लाल रेघा.
एक वाजून दहा. दोन पंचवीस. तीनला दोनदा.
"नान्ना, काय करालाय रात्रभर?"
"झोपालोय की."
"घड्याळ नाही म्हणतंय."
काय सांगू तिला,
की विकलेले माग
एकेक करून पुन्हा थांबतात?

पहाटे ते चिमण्या वाजवतं.
आधी एक, लांबून. मग तीन. मग झाडभर.
छान आहे.
त्या आवाजानं मला रात्रीतली पहिली झोप लागते.
नरसम्मा गदागदा हलवते:
"ओ, पाचव्या दिवशी पाणी आलंय,
चिमण्या काय ऐकालाय?"

गड्ड्याच्या जत्रेला मुलगी आली.
मी विचारलं, जरा भीतभीतच,
"ह्यात उलटं होतंय का गं?
रात्रभर वाजायचं
आणि उठायच्या वेळी गप व्हायचं?"
ती बघत राहिली. हसली नाही.
संध्याकाळी स्कूटी काढून
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत गेली,
कुणाच्या तरी कारखान्यात फोन धरून
तासभर उभी राहिली.
परत आली तेव्हा भुवयांवर कापूस होता.

आता उशाशी बारा माग चालतात,
डबीत कोंडलेल्या भुंग्याएवढे.
नरसम्मा म्हणते, "एवढ्या वर्षांनी कानाला सुट्टी मिळालती,
ते पण बघवलं नाही तुम्हाला."
म्हणते, आणि भिंतीकडे तोंड करून
माझ्याआधी घोरते.

साडेपाचच्या आसपास
घड्याळ माझी नाडी बघतं,
आणि मागांचा आवाज
पायरी पायरीनं उतरवतं.
मग काही नाही.

डोळे उघडतात.
हात पान्याकडे जातो, तिथं चार्जर सापडतो.
कुठला थांबला म्हणून कान देतो.
नाही कळत. हे माग माझ्या ओळखीचे नाहीत,
कुणी दुसरा बसला असेल त्यांच्यापाशी,
त्याला माहीत, कोण ठसकतो.

खाली कुलूप आहे.
मोरीत नळ फुसफुसतो, नुसती हवा.
आज काही पाणी नाही.
नरसम्माला उठवत नाही.