तिकडचे टॉवेल

अक्कलकोट रोड एमआयडीसी, शेड नंबर अकरा.
एप्रिलचा दुसरा आठवडा, पत्र्याखाली त्रेचाळीस,
आणि मी समुद्राला काठ शिवत बसलेय.

साठ बाय तीस इंच. निळा, मग फिकट निळा,
मग पांढरी एक वाकडी रेघ. ती लाट.
जपानातल्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या शहराची ऑर्डर,
सहा हजार नग, जुलैच्या आत पोचले पाहिजेत.
शहराचं नाव खोक्यावर छापलंय,
गुंडेटी मास्तर ते रोज वेगळं वाचतात.
आम्ही नुसतं "तिकडं" म्हणतो.

रंग जुळवायला म्हणून मालकांनी
तिकडचं एक कॅलेंडर सुटं करून भिंतीला चिकटवलंय.
रंग पहिल्या दिवशीच जुळला.
मी अजून बघते.

जूनच्या पानावर डोळे बांधलेली पोरगी,
हातात काठी, पुढ्यात वाळू, वाळूत एक कलिंगड.
भोवतीचे सगळे ओरडतायत,
डावीकडं, अगं डावीकडं, आता मार!
ऐकू येत नाही, पण तोंडं तशीच उघडी आहेत.
"काठीनं फोडतेत व्हय?" सिद्धव्वा म्हणाली, "निम्मं वाळूत जातंय की."
माझी मावशी भीमेच्या वाळूत कलिंगडं लावायची.
टिचकी मारून आधी कान लावायची फळाला,
दार वाजवून थांबावं तशी.
ह्या पोरीला कुणीतरी हे सांगायला हवं होतं.
पण मग तिला इतकं हसू आलं नसतं.

जुलैत खांद्यावर देव घेऊन माणसं समुद्रात उतरलीयत.
पाणी छातीला लागलंय, देव तिरपा झालाय,
आणि प्रत्येकाच्या गळ्यात टॉवेल.
सिद्धव्वानं उठून बोट लावलं.
"आपला हाय का बे ह्यो?"
नव्हता. काठ बारीक होता.

ऑगस्टात रात्र. पाण्यावर दारूकाम,
चटयांवर लोक, सगळ्यांच्या माना वर.
एक म्हातारा तेवढा खाली वाकून चप्पल शोधतोय.
त्याला मी ओळखते.
होम मैदानावर, गड्ड्याच्या जत्रेत,
आभाळ फुटत असताना आमचे अप्पा हेच करत होते,
दरसाल.

बुधवारी एका नगात बाणा चुकला.
लाट मध्येच थांबली,
चार बोटं नुसतं निळं, आणि पुढं पुन्हा चालू,
जशी बोलता बोलता कुणाला ठेच लागावी.
सेकंड म्हणून बाजूला टाकला.
पगारातून साठ रुपये कापून मी घेतला.
बाकीचे पाच हजार नऊशे नव्व्याण्णव गेले.
सिद्धव्वानं एका घडीत सुपारीचं खांड ठेवलेलं,
मी बघितलं, बोलले नाही.

संक्रांतीला इरण्णानं नंदीध्वज उचलला, पहिल्यांदाच.
पट्टा कमरेला कापतो म्हणून
आत माझा टॉवेल गुंडाळला चार पदरी.
पांढऱ्या बाराबंदीखालून निळं डोकावलं.
"पांढरं रे, सगळं पांढरं पाहिजे!" एक म्हातारा खेकसला.
इरण्णानं अंगठ्यानं समुद्र आत ढकलला
आणि चालू लागला.
काठी डुलली, माणसं ओरडली,
डावीकडं, अरे डावीकडं, धर, धर!
तोंडं तशीच उघडी.
पुढं तळं होतं, सिद्धरामाचं,
पण त्यात कुणी उतरलं नाही.

रात्री तो घरी आला तेव्हा
टॉवेल ताठ झालेला, कडांना पांढरट.
मी दोनदा खंगाळला, दोरीवर टाकला.
गच्चीवर वारा होता, जानेवारीतला कोरडा.
तिकडं आत्ता थंडी असेल. किनारा रिकामा.
सहा हजारातला एखादा कुणाच्या तरी कपाटात,
घडीत थोडी वाळू,
एक सुपारीचं खांड, कुणाला न कळलेलं.

शेजारची अंबूबाई कठड्यावरून वाकली.
"निळा भारी हाय बे. कुठनं आणलीस?"
मी म्हणाले, इथलाच आहे.
"मग मधी तुटलाय कशानं?"