बेंजो हवा होता

ऐरोली, सेक्टर आठ, तिसरा मजला.
टॉवेल दुमडून हनुवटीखाली घेते,
गज टेकवते.
पहिलं मांजर उठून जातं.

दिवसभर कवळ्या घडवणारे हात माझे.
मेणातला दाढेचा उंचवटा
केसभर हलत नाही,
आणि इथे, चार तारांवर,
अनामिका दर वेळी
शेजारच्या गल्लीत उतरते.
राळेची भुकटी मात्र ओळखीची,
लॅबमधल्या प्लॅस्टरसारखी
बाह्यांवर बसते, झटकली तरी राहते.

नेरुळच्या सरांनी जमिनीवर बसवलं होतं,
व्हायोलिनची मान घोट्यावर.
सहा महिने सा.
लागलाही.
पण माझ्या कानात कोळशाच्या डोंगरांतली ती धाव,
लांब-छोटे-छोटे, लांब-छोटे-छोटे,
दोन तारा एकदम: एक सांगते,
दुसरी नुसती हुं हुं करत सोबत चालते.
सरांना ऐकवलं.
शेवटपर्यंत ऐकून म्हणाले,
‘एवढी घाई कसली आहे यांना?’

मग बेंजो हवासा झाला.
एकटं फिडल म्हणजे
पलीकडचं ऐकू न येणारा फोन.
लॅबमधला पोरगा म्हणाला,
मामा वाजवतो. घणसोलीला. हळदीत.

रविवारी हसुराम घरत आले.
पेटीला सायकलची ट्यूब बांधलेली.
उघडली, तर फळीवर बटणं,
टाइपरायटरसारखी.
मी फोनवरचा फोटो पुढे केला,
गोल, कातडं ताणलेला.
त्यांनी बराच वेळ पाहिला.
‘यो त डफ हाय,
दांडा लावलेला.’

मग म्हणाले, वाजवा तुमचं.
वाजवलं. निम्म्या वेगात, घाबरत.
ते गजाकडे बघत होते, माझ्याकडे नाही.
दुसऱ्या फेरीला हळूच आत आले,
हळदीचा ठेका पायात घेऊन,
आणि माझं बोट जिथे घसरतं
तिथेच त्यांनी बटण दाबलं.
चूक दोघांची झाली,
म्हणजे चाल झाली.

किती वेळ, माहीत नाही.
चहावर साय धरली.
बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या
तुंगारेबाई, हातात पिठाचा चमचा:
‘लग्न कुणाकडे आहे?’
म्हटलं, ठरतंय अजून.

दार लावून वळले
तर हसुराम साय बाजूला करत होते.
‘ताई, तो वरचा सूर हाय ना तुमचा,
रडायच्या जरासा अलीकडचा,
तिथून घ्या.’