तोंड मिटलेली मगर

पहिल्या दिवशी मी गेले ती काचेचा डबा घेऊन,
विश्वामित्रीच्या काठी, पुलाखालच्या वस्तीत.
डब्यात माझं वीतभर शिल्प :
वर झेपावणारं काहीतरी, नाव 'प्रवाह'.
जशीबेननं डबा फिरवून फिरवून पाहिला,
म्हणाली, "बेन, यावर कपडे वाळतील?"

बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये पाच वर्षं काढली मी.
हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मग आठवडाभर नुसता चहा.
कुणाला कारंजं हवं, कुणाला घसरगुंडी,
एक जण म्हणे, पुढाऱ्याचा पुतळा करा,
हार घालायला येतील, त्या निमित्तानं रस्ता होईल.
शेवटी पोरांनीच कोळशानं भिंतीवर काढली
ती, जी समोरच्या गाळात रोज ऊन खात पडते,
जिनं दोन शेळ्या नेल्या, आणि इलियासचं कुत्रं.
"हीच करा," जशीबेन म्हणाली,
"पण तोंड मिटलेली.
उघडं तोंड बघतोच आम्ही."

गज इलियासनं वाकवले.
जाळी बायकांनी आवळली, गोधडीला टाके घालावेत तशी,
आणि गिलावा ओला असताना हात कुठे थांबवायचा
हे मला शिकवलं लाद्या बसवणाऱ्या दक्षानं.
पाठीवर खवले, घरटी एक.
ज्यानं त्यानं त्यात दाबलं आपलं काही :
कानतुटका कप,
कुकरची शिट्टी, सायकलची घंटी,
एका म्हातारीनं नुसता अंगठा. सहीच्या जागी उठवते, तसा.

रमणभाई तेवढा आला नाही.
डावा पाय त्याचा घोट्यापाशी संपतो.
"माझा भाग मी आधीच दिलाय तिला,"
म्हणाला, आणि काडी ओढून बिडी पेटवली.
मानेजवळचा एक खवला आम्ही कोरा ठेवला.

महापालिकेचे साहेब टेप लावून गेले.
"याचं मंदिर नाही ना होणार?"
छे छे, मी म्हटलं.
चौथ्या दिवशी मगरीच्या कपाळाला कुंकू,
पुढ्यात नारळ. खोडियारमाचं वाहन ते,
त्यांचंही बरोबरच होतं.
मी पुसलं नाही. साहेबांना फोनही केला नाही.

श्रावण सरता सरता नदी वर आली.
रात्री दोनला अनोळखी नंबर :
"रमण बोलतो. पाणी पोटाला लागलंय.
माझ्या खवल्यापर्यंत चढलं की माणसं हलवतो."
माझ्या, म्हणाला तो.
मी अंधारात उठून बसले, मग नुसती बसूनच राहिले.
तिकडे तो कुबडीवर उभा,
बॅटरीचा झोत त्या कोऱ्या जागेवर धरून.

पाच दिवसांनी पाणी उतरलं. माणसं सगळी होती.
घरांत गुडघाभर गाळ, शाळेच्या दप्तरांना वास,
आणि मगरीच्या पाठीवर
नाकापासून शेपटीपर्यंत वाळत घातलेली
अख्ख्या वस्तीची अंथरुणं.
मागचा एक पंजा मात्र तुटून वाहून गेलेला.
मी वही काढली, मापं घ्यायला वाकले.
इतके दिवस माझ्याशी गुजरातीत बोलणारा रमणभाई
पहिल्यांदाच माझ्या भाषेत बोलला :

"राहू दे, बेन.
फिट्टंफाट."